चिरलेली चकती

1822 साली लंडनजवळच्या ग्रीनिचच्या टेकडीवर दोन माणसं एका चुंबकसुईचे हेलकावे मोजत होती. एक पॅरिसच्या वेधशाळेतला फ्रान्स्वा आरागो, दुसरा जगभर भटकून आलेला अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट. एखाद्या जागी पृथ्वीचं चुंबकत्व किती जोरकस आहे हे काढायची तेव्हाची रीत साधी होती. सुईला धक्का द्यायचा आणि किती वेळात ती किती वेळा इकडून तिकडे जाते ते मोजायचं. काम कंटाळवाणं. पण त्यातच आरागोच्या नजरेत एक गोष्ट भरली. सुई तिच्या पेटीत असली की लवकर थांबते, आसपास काही नसलं की बराच वेळ हेलकावत राहते.

वाऱ्याचा काहीतरी परिणाम असेल, असं म्हणून कुणीही पुढे गेलं असतं. आरागोने ते लक्षात ठेवलं, पण लगेच हातीही घेतलं नाही. दोन वर्षांनी पॅरिसमधल्या गांबे नावाच्या नामांकित उपकरणकाराला तोच अनुभव आला. तांब्याच्या पेटीतल्या होकायंत्राची सुई विलक्षण घाईने स्थिर होई. गांबेच्या धंद्यात हा गुणच म्हणायचा, कारण डुलत्या जहाजावर डुलत न राहणारी सुई कुणाला नको? आरागोला मात्र ते कोडं वाटलं. तांब्याला चुंबक चिकटत नाही. तांब्याचा तुकडा स्थिर सुईजवळ नेला तर ती ढिम्म हलत नाही. मग हलत्या सुईला हेच तांबं धरून कसं ठेवतं?

22 नोव्हेंबर 1824 रोजी त्याने हे निरीक्षण फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडलं. एवढ्यावर थांबला असता तर त्याचं नाव एखाद्या तळटीपेत राहिलं असतं. पण त्याने प्रश्न उलटा केला. स्थिर तांबं हलत्या सुईला थांबवत असेल, तर हलतं तांबं स्थिर सुईला हलवेल का? तांब्याची चकती आडवी बसवली, तिच्यामुळे उठणारा वारा वर जाऊ नये म्हणून मध्ये पडदा घातला, वर सुई टांगली आणि चकती फिरवायला सुरुवात केली. सुई उत्तर-दक्षिण सोडून जराशी कलली. वेग वाढवला, आणखी कलली. आणि एका वेगाला तिने पृथ्वीची ओढ झुगारली व ती चकतीच्या मागोमाग गरागरा फिरू लागली. मध्ये पडदा, कुठे स्पर्श नाही, चुंबकत्व नसलेला धातू, आणि तरी सुई फिरते आहे! 7 मार्च 1825 ला अकादमीच्या सभासदांनी हा प्रयोग पाहिला. त्याच वर्षी इंग्लंडच्या रॉयल सोसायटीने आरागोला कोप्ली पदक दिलं. कारण मात्र ना देणाऱ्यांना माहीत होतं, ना घेणाऱ्याला.

ही चकती आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली आहे. नाशिक जिल्ह्यात, बागलाणातल्या सटाण्याच्या जुन्या गल्ल्यांमधल्या घरांत, दाराशेजारी उंचावर टांगलेल्या काळ्या मीटरच्या काचेआड ती फिरायची. ॲल्युमिनियमची, कडेला एक रंगीत खूण असलेली. इस्त्री लावली की खूण पळायची, सगळं बंद केलं की चकती जागच्या जागी थबकायची. तिला कुठलीही तार जोडलेली नसते. दोन गुंडाळ्यांचं बदलतं चुंबकक्षेत्र तिला ढकलतं आणि बाजूचा कायमचा चुंबक तिला आवरतो. ढकलणं आणि आवरणं, दोन्ही आरागोचंच. आता इलेक्ट्रॉनिक मीटर आले आणि बागलाणातल्या पोरांची ती करमणूक गेली.

पॅरिसची बातमी लंडनला पोचली तेव्हा दोन मित्रांनी प्रयोग पुन्हा करायला घेतला. चार्ल्स बॅबेज, म्हणजे गणनयंत्राच्या ध्यासात आयुष्य घालवणारा तोच, आणि जॉन हर्शेल, युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा मुलगा. त्यांनी आरागोची मांडणीही उलटी केली : खाली नालाकृती चुंबक फिरवला आणि वर तांब्याची चकती दोऱ्याने टांगली. चकती फिरू लागली. मग एकामागून एक धातू टांगून कोण किती ओढलं जातं ते पाहिलं. तांबं सर्वांत वर, त्याखाली जस्त, कथील, शिसं, अँटिमनी, आणि तळाला बिस्मथ. वीज कुठल्या धातूतून किती सहज जाते याचाच हा क्रम आहे हे आज कुणीही ओळखेल. पण ते 1825 साल होतं. ओहमचा नियमसुद्धा छापून यायचा होता.

मग त्यांनी एक गंमत केली. माझ्या मते या साऱ्या कथेतला सर्वांत नाट्यमय क्षण हाच, जरी पाठ्यपुस्तकं त्याला एक ओळही देत नाहीत. त्यांनी तांब्याच्या चकतीला कडेपासून मध्याकडे जाणाऱ्या चिरा पाडल्या. तांबं तेवढंच, वजन जवळजवळ तेवढंच, चुंबक तोच, वेग तोच. फक्त चिरा. आणि चकतीचा जोर गळाला. जितक्या चिरा जास्त, तितकी ती ढिली. नंतर त्याच चिरा दुसऱ्या धातूने डाग देऊन बुजवल्या, तर गेलेला जोर बहुतांश परत आला. डाग ज्या धातूचा होता, तो स्वतः चकती म्हणून अगदी सुमार असला तरीही.

आज ट्रान्सफॉर्मर असो, पंप असो की रेल्वेची मोटार, त्यांच्या गाभ्यातली विजेची नासाडी रोखायचा जो मुख्य उपाय आहे तो हाच : धातू चिरा, तुकडे करा, तुकड्यांना एकमेकांशी भिडू देऊ नका. उपाय 1825 मध्ये दोन माणसांच्या हातात होता. आजार कोणता हे ठाऊक नव्हतं, इतकंच. त्यांनी निबंधात दिलेलं स्पष्टीकरण असं की धातूत चुंबकत्व उपजायला आणि मावळायला वेळ लागतो, म्हणून ते फिरत्या चुंबकामागे रेंगाळतं आणि ओढलं जातं. कल्पना हुशारीची होती, पण चिरेने तिलाच सुरुंग लावलेला होता. रेंगाळणारं चुंबकत्व एका बारीक फटीने का बिघडावं? इतके चाणाक्ष लोक, आणि पुरावा स्वतःच्या हाताने कापलेला. तरीही त्यांना दोष देववत नाही. चुंबक हलवला की वीज निर्माण होते हे जगात कुणालाच माहीत नव्हतं.

माहीत होण्याच्या बेतात मात्र काही जण होते. जिनिव्हाच्या कोलादोंने त्याच सुमारास तारेच्या गुंडाळीत चुंबक सरकवून वीज येते का ते पाहिलं होतं. वीज दाखवणाऱ्या गॅल्व्हनोमीटरची सुई चुंबकाने थेट हलू नये म्हणून त्याने गॅल्व्हनोमीटर खबरदारीने दुसऱ्या खोलीत ठेवला. इकडे चुंबक सरकवायचा, मग चालत तिकडे जाऊन सुई पाहायची. तो पोचेपर्यंत सुई निजलेली असे. मदतीला एक माणूस असता तर विजेच्या इतिहासात आज फॅरेडेच्या जागी कोलादोंचं नाव असतं, असं म्हणतात.

फॅरेडेने ऑगस्ट 1831 मध्ये लोखंडी कड्यावरच्या दोन गुंडाळ्यांचा प्रयोग केला आणि बदलत्या चुंबकत्वातून वीज उपजते हे पकडलं. पण त्याच्या मनात आरागोची चकती ठाण मांडून होती. 28 ऑक्टोबर 1831 ला तो वूलिचला क्रिस्टी नावाच्या संशोधकाकडे गेला. रॉयल सोसायटीचा अवाढव्य चुंबक तिथे होता, साडेचारशेच्या आसपास पट्टीचुंबक एकत्र बांधून केलेला. त्याच्या ध्रुवांमध्ये फॅरेडेने 12 इंच व्यासाची तांब्याची चकती पितळी आसावर बसवली. एक तार आसाला, दुसरी कडेला टेकवलेली, दोन्हींची टोकं गॅल्व्हनोमीटरला. चकती फिरवली. सुई सरकली आणि चकती फिरत होती तोवर सरकलेलीच राहिली. उलट फिरवली, तर सुई उलट बाजूला गेली.

आरागोच्या चकतीत वीज होती! जवळजवळ सात वर्षं ती तिथेच फिरत होती, तिला बाहेर काढायला कुणी तार लावली नव्हती, म्हणून ती दिसली नाही. 24 नोव्हेंबरला रॉयल सोसायटीत वाचलेल्या निबंधात फॅरेडेने आरागोचं कोडं सोडवलं. चिरांचंही गूढ त्याबरोबर संपलं.

पावसाळ्यात सटाण्याच्या आरम नदीला पूर आला की पुलाच्या खांबांमागे पाणी पुढे जायचं सोडून स्वतःभोवतीच फिरू लागतं. चुंबकासमोरून जाणाऱ्या तांब्यात वीज तशीच फिरते. तिला जायला बाहेरची वाट नसते, म्हणून ती धातूच्या आतच बंद वर्तुळं धरते. हेच एडी करंट. हे वर्तुळाकार प्रवाह स्वतःचं चुंबकत्व तयार करतात, आणि ज्या हालचालीमुळे ते जन्मले तिलाच ते विरोध करतात. हा विरोधाचा नियम 1834 मध्ये लेन्झने सांगितला. म्हणून हलती सुई थांबते, म्हणून फिरती चकती सुईला ओढते. आणि वर्तुळाच्या वाटेत चीर आली की प्रवाहाला वळसा पुरा करता येत नाही. चीर बुजवली की वाट परत मोकळी. डागाचा धातू सुमार असला तरी चालतं, कारण ओलांडायची असते ती बारीक फट, बाकीची वाट तांब्याचीच.

या विरोधाची किंमत कुणीतरी मोजायलाच हवी. ती उष्णतेने मोजली जाते. ज्यूलने 1843 मध्ये अशा उष्णतेचं मापन केलं होतं, पण लोकांच्या डोळ्यांत ती भरवली लेऑं फूकोने. लंबकाने पृथ्वीचं फिरणं दाखवणारा हाच तो. सप्टेंबर 1855 मध्ये त्याने विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये धातूची जड चकती वेगाने फिरवत ठेवली आणि चुंबकात वीज सोडली. चकती काही क्षणांत थांबली. मग त्याने हट्टाने हँडल मारून ती फिरवलीच. हाताला जड जाऊ लागलं आणि चकती 16 अंशांवरून 34 अंशांपर्यंत तापली. ना घर्षण, ना विस्तव. सगळी मेहनत धातूच्या पोटात उष्णता होऊन बसली होती. फ्रान्समध्ये आजही या प्रवाहांना फूकोचं नाव आहे. आरागोचं असायला हवं होतं, असं माझं मत.

पुढे विजेची यंत्रं आली आणि ही गंमत डोकेदुखी झाली. जनित्रात, ट्रान्सफॉर्मरमध्ये, मोटारीत चुंबकत्व वाहून न्यायला लोखंडाचा गाभा लागतो. लोखंडही वीज वाहून नेतं. मग तारेत जशी वीज उपजते तशी गाभ्यातही उपजणार, फिरणार, गाभा तापणार. इथेही इलाज आधी हाताला लागला. 1837 मध्ये लंडनच्या बाखॉफ्नरला आढळलं की गुंडाळीत अखंड लोखंडी कांब घालण्यापेक्षा लोखंडी तारांचा जुडगा घातला तर विजेचा धक्का जास्त जोराचा बसतो. तारांच्या मागोमाग पातळ पत्रे आले, पत्र्यांमध्ये कागद, मग वार्निश. 1885 मध्ये बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यात झिपर्नोव्स्की, देरी आणि ब्लाथी यांनी आजच्या घडणीचा ट्रान्सफॉर्मर बनवला. त्याचा गाभा एकमेकांपासून विलग केलेल्या लोखंडी थरांचा होता. याच ब्लाथीने 1889 मध्ये चकतीचा मीटर बाजारात आणला, तब्बल 23 किलो वजनाचा. एका यंत्रात जे प्रवाह हाकलून लावले, त्यांनाच दुसऱ्या यंत्रात त्याने नोकरीला ठेवलं!

पत्रा किती पातळ हवा? या नुकसानीचा हिशोब वर्गाने चालतो. जाडी निम्मी केली की तेवढ्याच लोखंडातलं एडी करंटचं नुकसान चौथ्या हिश्शावर येतं. 5 मिलिमीटरऐवजी अर्धा मिलिमीटर घेतला तर ते साधारण शंभरावा भाग उरतं. विजेची वारंवारता दुप्पट झाली तर नुकसान चौपट, चुंबकत्वाचा जोर दुप्पट झाला तरी चौपट. आणि धातू जितका विजेला नाठाळ, तितकं ते कमी. पत्रे कुठल्याही दिशेने रचून भागत नाही, हेही खरं. चुंबकत्व पत्र्याच्या अंगाने वाहिलं पाहिजे, म्हणजे त्याच्याभोवती फिरू पाहणाऱ्या प्रवाहाला पत्र्याची जाडी आडवी येते. आडवे रचलेले पत्रे आणि अखंड लोखंड यांत फारसा फरक उरत नाही.

विजेला नाठाळ लोखंड मिळालं ते शेफील्डच्या हॅडफिल्डमुळे. 1900 च्या आसपास त्याने आणि डब्लिनच्या बॅरेटने लोखंडात दोन-तीन टक्के सिलिकॉन मिसळलेल्या पोलादाची चुंबकीय परीक्षा केली. तीन टक्के सिलिकॉनने विजेला होणारा विरोध चार-पाच पटींनी वाढतो, चुंबकत्वाला मात्र वाट मोकळी राहते. आणखी एक लाभ झाला. जुन्या लोखंडाचे ट्रान्सफॉर्मर वापरात तापून तापून दरवर्षी जास्त वीज खाऊ लागत, ती खोड या पोलादाने गेली. 1934 मध्ये अमेरिकेत नॉर्मन गॉसने पत्रा थंड लाटून, तापवून त्यातले स्फटिक लाटण्याच्या दिशेने रांगेत बसवण्याची कृती पेटंट केली. त्याने मुख्यतः दुसरं, म्हणजे चुंबकत्व उलटंसुलटं करण्यात जाणारं नुकसान घटलं.

गॉसच्या वाटेचा हा पत्रा नाशिक जिल्ह्यातच तयार होतो हे सटाण्यात फार थोड्यांना ठाऊक असेल. मुंबई-आग्रा महामार्गावर, इगतपुरी तालुक्यातल्या गोंद्याला, तो बनवणारा कारखाना आहे. आधी तो जर्मनीच्या थायसनक्रुपकडे होता, 2025 च्या सुरुवातीला जेएसडब्ल्यू आणि जपानच्या जेएफई यांच्या संयुक्त कंपनीने घेतला. देशाला लागणारा असा पत्रा मोठ्या प्रमाणावर आयात होत असताना तो इथे तयार होणं ही साधी गोष्ट नाही. ट्रान्सफॉर्मरला लागणारा हा पत्रा 0.23 ते 0.30 मिलिमीटर जाडीचा असतो. त्यावर मॅग्नेशियम ऑक्साइडचा लेप देऊन भट्टीत तापवलं की काचेसारखा थर धरतो, म्हणजे पत्र्याला पत्रा भिडला तरी वीज पलीकडे जात नाही. जगातल्या उत्तम प्रतीच्या पत्र्यांवर तर शेवटी लेझरने बारीक रेघा ओढतात आणि नुकसान आणखी खाली येतं. त्यामागचं कारण हर्शेलच्या चिरांपेक्षा वेगळं आहे. पण धातूला ओरखडे काढून त्याचा स्वभाव सुधारण्याची कल्पना त्याला आवडली असती.

बागलाणात गाभ्यातल्या या नुकसानीचा संबंध थेट शेताशी येतो. बांधावरच्या डीपीला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरला, वीज मिळत असते तोवर तिच्या गाभ्यातलं चुंबकत्व सेकंदाला पन्नास आवर्तनं करतं. शिवारातला एकही पंप चालू नसला तरी करतं. शंभर केव्हीएच्या डीपीत निव्वळ गाभ्यातलं नुकसान दोनशे वॅटच्या आसपास धरलं, तर चोवीस तासांत जवळजवळ पाच युनिट होतात, पाण्याचा एक थेंबही न उपसता. उन्हाळ्यात कांदा निघाल्यावर रान मोकळं असतं तेव्हाही डीपी गुणगुणत असते ती चुंबकत्वाच्या या आवर्तनांमुळेच.

आणि विहिरीवरची मोटार? तिच्यात दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असतात. आतला फिरता भाग आरागोच्या चकतीचाच वंशज. बाहेरच्या गुंडाळ्यांचं फिरतं चुंबकक्षेत्र त्याच्या दांड्यांमध्ये प्रवाह जागे करतं आणि त्याला ओढत नेतं. तिथे प्रवाह हवाच. त्याच क्षेत्राचा बाहेरचा गाभा, म्हणजे स्टेटर, मात्र अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यांचा, म्हणजे स्टॅम्पिंगचा, एकावर एक दाबून बसवलेला. तिथे तो नको.

उन्हाळ्यात डाळिंबाला पाण्याची निकड असताना कमी दाबावर चालून मोटारी जळतात आणि सटाणा-नामपूरच्या रिवाइंडिंगच्या दुकानांत रांग लागते. पाण्यात बुडवलेल्या सबमर्सिबलची तार प्लॅस्टिकच्या आवरणाची असते, ती ओढून काढता येते. वर बसणाऱ्या मोनोब्लॉकची जुनी तार मात्र वार्निशमध्ये घट्ट रुतलेली. ती सुटावी म्हणून स्टेटर भट्टीत ठेवणं किंवा सरळ आग लावून जाळणं ही सगळीकडची सोपी पद्धत. गिऱ्हाईक घाईत असतं, कारागीरही. तार सुटते, पण तापमान साधारण 370 अंशांच्या वर गेलं की स्टॅम्पिंगवरचा लेपही जळू लागतो. मग खाचेत छिन्नी, हातोडा, कानस चालते आणि पत्र्यांच्या कडा एकमेकींत दाबल्या जातात. बॅबेज आणि हर्शेलने चिरांना डाग देऊन जे केलं, तेच इथे न कळत होतं : वेगळे ठेवलेले पत्रे परत जोडले जातात आणि प्रवाहाला वळसा घ्यायला वाट मिळते.

नवी तार, नवं वार्निश, मोटार सुरू होते, पाणीही पडतं. वाढलेलं नुकसान कुणाला दिसत नाही. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना 2024 पासून राज्यात मोफत वीज आहे, म्हणून ते बिलातही येत नाही. ते उतरतं गाभ्यात. गाभा नव्या वाइंडिंगला आतून भाजत राहतो, आणि पुढच्या वेळी मोटार लवकर जळाली की दोष तारेला किंवा व्होल्टेजला दिला जातो.

हे ओळखण्याची एक चाचणी जाणते कारागीर करतात. रिकाम्या गाभ्यातून जाड केबलचे थोडे वेढे घेऊन त्यांत हिशोबाने ठरवलेली एसी वीज सोडायची, काही मिनिटं थांबायचं, वीज बंद करायची आणि खाचांमधल्या दातांवरून हात फिरवायचा. सगळे दात सारखे कोमट लागले तर गाभा ठीक. एखादा चटका देत असेल तर तिथले पत्रे भिडलेले आहेत. तिथे पातळ सुरीने ते अलग करायचे, फटीत अभ्रकाचा पापुद्रा सरकवायचा, वार्निश सोडायचं, सुकू द्यायचं आणि चाचणी पुन्हा घ्यायची. दोन-चार दात असतील तर काम होतं. सगळाच गाभा चटका देत असेल तर नव्या तारेचे पैसे त्यात घालू नयेत, स्टॅम्पिंग भंगारात द्यावं.